सावलीचे भाडे

चाकावरच्या घराला अंगण नसते. पायरी उतरली की पाय थेट परक्या जमिनीवर पडतो. म्हणूनच ज्याने ज्याने गाडीत संसार थाटला किंवा गाडीवर धंदा मांडला, त्याला आज ना उद्या एक युक्ती सुचली. गाडीच्या एका अंगाला कापडाची कड बांधायची, समोर दोन बांबू उभे करायचे, कापड त्यांच्यावर ताणायचे आणि दोऱ्या जमिनीतल्या खुंट्यांना आवळायच्या. झाले अंगण! आमच्या नागपुरात भाजीच्या हातठेल्यापुढे हे अंगण निळ्या ताडपत्रीचे असते. फिरस्त्या लोहाराच्या गाडीला ते ठिगळांच्या जुन्या कापडाचे असते. हौशी प्रवाशांच्या मोटारघराला ते रंगीत पट्ट्यांचे असते आणि हाताने मूठ फिरवली की गुंडाळीतून सरसर बाहेर येते. ऐपत निराळी, कापड निराळे. पण काम एकच, उन्हाला अडवण्याचे.

या चार-सहा हात कापडाविषयी मला पुष्कळ दिवस एक प्रश्न पडत आला आहे. गाडी माझी, कापड माझे, बांबू माझे, दोरीही माझीच. मग त्या कापडाची सावली कोणाची?

हा रिकामपणाचा उद्योग आहे असे कुणी म्हणेल. पण प्रश्न जुना आहे. डेमॉस्थेनिस या ग्रीक वक्त्याच्या नावावर एक गोष्ट सांगतात. अथेन्सच्या सभेत लोक त्याचे बोलणे ऐकेनात. तेव्हा त्याने गोष्ट सुरू केली. एका तरुणाने मेगाराला जाण्यासाठी गाढव भाड्याने घेतले. भर दुपारी ऊन सोसेना, म्हणून तो गाढवाच्या सावलीत बसू लागला. गाढवाचा मालक बरोबरच होता. तो म्हणाला, मी गाढव भाड्याने दिले आहे, त्याची सावली दिलेली नाही. तरुण म्हणाला, गाढव घेतले त्यात सगळे आले. एवढे सांगून डेमॉस्थेनिस चालू लागला. पुढे काय झाले, म्हणून लोक ओरडू लागले. तेव्हा तो उलट म्हणाला, गाढवाच्या सावलीची गोष्ट ऐकायला तुम्हांला एवढी हौस, आणि राज्याच्या हिताचे बोललो तर मात्र तुम्हांला ऐकवत नाही! ग्रीकांत 'गाढवाची सावली' म्हणजे क्षुल्लक भांडण असा वाक्प्रचारच होता. त्यांनी नागपूरचा मे महिना पाहिला असता, तर सावलीला ते इतके क्षुल्लक म्हणते ना!

मी शाळामास्तर. प्रश्न सुटेना की तो वर्गात टाकायचा, ही आमची जुनी खोड. आठवीच्या मुलांना मी विचारले, "ठेल्यावरच्या ताडपत्रीची सावली कोणाची?" बहुतेकांनी सांगितले, ज्याची ताडपत्री त्याची. काही म्हणाले, ज्याची जागा त्याची. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सूर्याची." वर्ग खो खो हसला. मला मात्र वाटले, तिघांत हाच खरा हिशेबी आहे.

सूर्य सावलीचे काय करतो ते पाहा. नागपूर विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे २१ अंशांवर आहे. म्हणजे कर्कवृत्ताच्या आत. त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य अगदी आपल्या डोक्यावर येतो. एकदा २६ मेच्या सुमारास, आणि पुन्हा जुलैच्या मध्यास. पण तेव्हा आभाळ बहुधा भरलेले असते. मेमधला दिवस मात्र नेमका नवतप्यात सापडतो. रोहिणीत सूर्य शिरला की ज्या नऊ दिवसांची आमच्याकडे धास्ती घेतात, त्यांतला तो एक. त्या दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास सरळ उभ्या खांबाला सावली नसते. माणसाची सावली त्याच्या पावलांखाली गोळा होते. आडव्या कापडाची सावली तेवढी शिल्लक असते, आणि तीही बरोबर कापडाखाली. कापडाच्या मालकाला आपली सावली पुरतेपणी आपल्याखाली सापडावी, असे हे वर्षातले मोजके क्षण. पुढे तीन तासांनी सात फूट उंचीवरच्या त्याच कापडाची सावली सहा फूट पूर्वेला सरकलेली असते. कापडाची रुंदी सहा फुटांची असेल आणि पश्चिमेच्या कडेला उभा पडदा सोडलेला नसेल, तर कापडाखाली कडक ऊन आणि सावली सगळी पलीकडे, दुसऱ्याच्या दारात! जी वस्तू रोज दुपारी आपल्या हद्दीतून आपण होऊन उठून जाते, तिला आपली कसे म्हणावे?

कापड बांधणाऱ्याला आणखी दोन गोष्टी लवकर कळतात. पहिली पाण्याची. कापड सपाट ताणले की वळवाच्या पहिल्याच सरीत त्याच्या मध्यभागी पाण्याची झोळी होते. दहा फूट लांब आणि आठ फूट रुंद कापडावर सरासरी इंचभर पाणी साचले, तर ते भरते जवळजवळ १९० लिटर. म्हणजे तितकेच किलो वजन. बांबू मोडतो किंवा कापडाची कड फाटते. म्हणून एक कोपरा हातभर खाली ओढून पाण्याला वाट द्यावी लागते. दुसरी गोष्ट वाऱ्याची. वावटळ कापडाखाली शिरली की कापडाचे शीड होते, आणि शीड ज्या गाडीला बांधलेले तिलाच ते कलंडू पाहते. म्हणून जाणता माणूस आधी चाकांना दगड लावतो आणि मग कापड ताणतो. दोरी सुताची असेल तर ती भिजल्यावर आखडते, हे ध्यानात ठेवून पावसाआधी तिला थोडी ढील देतो. लांब कुठे जायचे असेल, तर कापड गुंडाळूनच जातो. मोटारघरांच्या कनातीलाही हाच नियम आहे. भिंत आणि कौले राखण नसली तरी राहतात. कापडाच्या सावलीपाशी मात्र कुणीतरी हजर असावे लागते.

या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट डोळ्यांआड होते. कापडाची एक कड गाडीला बांधलेली असते, ती आपली. दुसरी कड ज्या खुंटीला बांधलेली, ती खुंटी परक्या जमिनीत असते. खुंटीवाचून सावली नाही, आणि जमिनीवाचून खुंटी नाही. तेव्हा सावली पाडण्यात जमिनीची भागीदारी आहेच.

ही भागीदारी निरनिराळी माणसे निरनिराळ्या रीतीने मानतात. गाडी लोहारांचे उदाहरण घ्या. १५६८ साली चित्तोड अकबराच्या हाती गेले, तेव्हा गड परत मिळेपर्यंत छपराखाली राहणार नाही अशी शपथ आपल्या पूर्वजांनी घेतली, असे या लोकांची परंपरा सांगते. पुढे ६ एप्रिल १९५५ रोजी पंडित नेहरूंनी त्यांना समारंभाने चित्तोडगडावर नेले. तोवर जवळजवळ चारशे वर्षांचे ऊनपाऊस या गाड्यांवरून गेले होते. गाडीला बांधलेले कापड हे छप्पर होते की नव्हते? शपथ मोडली की राहिली? मला वाटते, राहिली. जे पहाटे उकलून गाडीत टाकता येते आणि ज्याच्याखालची भुई आपली म्हणता येत नाही, त्याला घर म्हणत नाहीत. त्या कापडाखाली ऐरण मांडली जाई आणि गावचे विळे-कुऱ्हाडी तिथेच शेवटल्या जात. गावाच्या भुईत रोवलेल्या खुंटीचा मोबदला गावाच्या अवजारांना धार लावून चुकता होई.

दुसऱ्या टोकाला मोटारघर आहे. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश डॉक्टरने केवळ हौसेसाठी घोड्यांची घरगाडी बांधवून घेतली आणि तो विलायतभर हिंडला. ज्या रस्त्याने जिप्सी पोटासाठी हिंडत, त्याच रस्त्याने हा मौजेसाठी हिंडला. आपल्याकडे २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. गाड्यांसाठी मुक्कामाच्या राखीव जागांची कल्पना त्यात आहे. अशा जागी पैसे मोजून कनात उघडली की हिशेब चुकता होतो. भाडे दिले, सावली घेतली. इथे कुणाची तक्रार नाही.

अवघड आहे तो मधला माणूस, आमचा हातठेलेवाला. डांबरात खुंटी शिरत नाही. म्हणून तो रंगाच्या रिकाम्या डब्यात काँक्रीट भरतो, त्यात बांबू उभा करतो आणि तो डबा सगळ्यांच्या रस्त्यावर ठेवतो. कुणी म्हणेल, हे अतिक्रमण आहे. पण १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सोदान सिंग यांच्या खटल्यात सांगितले की पदपथावर विक्री करणे हा, योग्य नियमनाच्या अधीन राहून, नागरिकाच्या व्यवसायस्वातंत्र्यातच बसतो. २०१४ साली पथविक्रेत्यांसाठी संसदेने कायदाही केला. म्हणजे ठेला उभा राहू शकतो. पण त्याच्या डब्याखालच्या वीतभर रस्त्याचे भाडे नीतीच्या हिशेबात कसे फिटावे? माझे उत्तर असे की, सावलीने. रस्ता सर्वांचा, त्यावर पडलेली सावलीही काही अंशी सर्वांची. मेच्या दुपारी सायकलरिक्षावाला, डोक्यावर ओझे घेतलेली बाई किंवा पत्ता चुकलेला म्हातारा तिच्या कडेला टेकला, तर त्याला उठवण्याचा अधिकार ठेलेवाल्याला नाही.

यावर ठेलेवाला जे म्हणेल ते मला ठाऊक आहे, आणि ते खोटे नाही. "मास्तर, पाणपोई घालणाऱ्याचे पोट पाणपोईवर नसते. माझे आहे. दहा फुटांच्या सावलीत चार माणसे येऊन बसली, तर गिऱ्हाईक उभे कुठे राहील?" पाणपोईतले पाणी दिल्याने कमी होते, सावली दिल्याने कमी होत नाही, असे पुस्तकी उत्तर मला देता येईल, पण सावली सरत नसली तरी जागा सरते. म्हणूनच मी 'भाडे' हा शब्द योजला. भाडे म्हणजे सगळी मिळकत नव्हे. मालापुरती आणि गिऱ्हाइकापुरती सावली त्याने आधी राखावी. बांबूच्या पलीकडे सूर्याने जी सरकवून नेली, ती मात्र त्याने अडवू नये. बसणाऱ्यानेही बांबूला रेलू नये आणि गिऱ्हाईक आले की सरकावे. त्याने उपकाराखाली दबून जाण्याचे काही कारण नाही. तसेच जागा आपल्या बापाची समजण्याचेही नाही.

आता एक गोष्ट बोलल्यावाचून पुढे जाता येत नाही. इंग्रजीत झाडाच्या सावलीला एक शब्द आणि माणसाच्या सावलीला दुसरा. मराठीत दोहोंना शब्द एकच. आपण म्हणतो, वडिलांच्या सावलीत वाढलो. आणि याच भाषेच्या मुलखात माणसाच्या सावलीचा विटाळ मानला गेला. पेशवाईत अस्पृश्याची सावली अंगावर पडू नये म्हणून त्याला रस्ता वर्ज्य केला जाई, हे बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालच्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवून ठेवले आहे. सावली कोणाची, हा प्रश्न आपल्याकडे गाढवाच्या मालकाने नव्हे, जातीच्या मालकांनी विचारला होता, आणि त्याचे उत्तर माणसांना रस्त्यावरून हाकलून दिले होते.

म्हणून मला आमच्या गावातले दुसरे दृश्य मोलाचे वाटते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्म स्वीकारला. अजूनही दरवर्षी त्या सोहळ्याला गावोगावचे लोक दीक्षाभूमीकडे येतात. पाऊस सरलेला असतो, ऊन चटका देणारे असते. दूरवरून आलेली कुटुंबे गाडीच्या अंगाला चादर बांधतात, तिच्या आडोशाला भाकरी सोडतात, आणि बाजूने जाणाऱ्या अनोळखी म्हातारीला सरकून जागा देतात. तिची सावली कुणावर पडली, हे तिथे कुणी पाहत नाही. पडलेल्या सावलीत आणखी एक माणूस मावतो का, एवढेच पाहतात.

आणि आपण पक्क्या घरातले लोक? आपले सज्जे रस्त्यावर आलेले आहेत. दुकानांचे पत्रे पदपथावर पुढे काढलेले आहेत. त्यांच्याखाली सावली पडतेही. पण कुणी टेकू नये म्हणून काही ठिकाणी ओट्यावर लोखंडी खिळे बसवलेले असतात, तर काही ठिकाणी कुंड्यांची रांग मांडलेली असते. मोटार उभी करायला जागा हवी म्हणून फाटकासमोरचा कडुलिंब आपण तोडतो, आणि मग त्याच जागी कुणी ताडपत्री बांधली तर रस्ता अडल्याची तक्रार करतो. कडुलिंबाची सावली गेली, तिची भरपाई तो ठेलेवाला आपल्या पदरच्या कापडाने करतो आहे, हे ध्यानात येत नाही. सावलीचे भाडे मागायचे, तर आधी थकबाकीदारांची यादी काढावी; तीत ठेलेवाल्याचे नाव फार खाली येईल.

दिवाळीच्या खरेदीला आपण सारे सीताबर्डीला जाऊ. पणत्या, रांगोळी, झेंडूची फुले यांतले पुष्कळसे अशाच गाड्यांवरून घेऊ. ऑक्टोबरचे ऊन अजून तापटच असते. तेव्हा घासाघीस करताना आपण नकळत त्या ताडपत्रीखाली दोन पावले आत सरकतो. किमतीत सावलीचे पैसे कुणी धरलेले नसतात. एखाद्या पणतीमागे दोन रुपये सोडवून घेण्याआधी तेवढे आठवले, आणि शेजारी घाम पुसत उभ्या असलेल्या हमालासाठी आपणच थोडे बाजूला झालो, तरी पुष्कळ झाले.