अंजिरांची ढेप आणि सदाफुलीचे पान

शास्त्रभाग : २ राजे २०:१-७

हिज्कीया राजाची प्रार्थना आपण पुष्कळदा ऐकली आहे. मरणाचा निरोप मिळताच त्याने भिंतीकडे तोंड फिरविले व तो रडला. यशया मधल्या चौकातून बाहेर पडला नाही तोच देवाने त्याला परत पाठविले. राजाला पंधरा वर्षे वाढवून मिळाली. आपली प्रवचने बहुधा येथेच संपतात. पण सातव्या वचनात संदेष्टा अंजिरांची ढेप मागवितो व ती राजाच्या गळवावर बांधली जाते. प्रार्थना ऐकली गेली होती, वचन मिळाले होते, तरी ढेप मागविली. त्यात यशयाला देवाचा अपमान दिसला नाही.

हे वचन आम्ही कित्येक वर्षे घाईने वाचून पुढे जात होतो. आमच्या संडेस्कूलातील नऊ वर्षांच्या एका मुलाने आम्हांला तेथे थांबविले.

त्याला रक्ताचा कर्करोग झाला. इस्पितळात उपचार सुरू झाले. केस गळाले, पायांना मुंग्या येऊ लागल्या, जिना चढताना पाऊल अडखळू लागले. दोन महिन्यांनी रक्त तपासले तो रोगाच्या पेशी दिसेनात. घरच्यांना वाटले, लेकरू बरे झाले, आता ही जालीम इंजेक्शने कशाला? त्याच सुमारास घरगुती उपासनेला एका भगिनीने सदाफुलीची पाने आणली. रोज उपाशीपोटी रस द्या आणि प्रार्थना करा, असे ती म्हणाली. तिचा हेतू प्रेमाचाच होता. आम्ही तेथे बसलो होतो. आम्ही ‘आमेन’ म्हटले.

मुलाच्या शिरेत टोचले जाणारे व्हिंक्रिस्टीन हे सदाफुलीतूनच काढलेले औषध आहे, हे तेव्हा आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते.

इंदूरकडे सदाबहार आणि बडोद्याकडे बारमासी म्हणतात तीच ही सदाफुली, मूळची मादागास्करची. आपल्या दफनभूमीत ती कोणी न लावताही फुलते. जमैकात लोक मधुमेहावर तिचा काढा घेत. १९५२ साली तेथील एका रुग्णाने तिची २५ पाने कॅनडात डॉ. क्लार्क नोबल यांना पाठविली. त्यांचे बंधू डॉ. रॉबर्ट नोबल यांनी उंदरांना अर्क देऊन पाहिला. साखर काही उतरली नाही. (आजही कितीतरी जण साखरेसाठी ही पाने चावतात!) पण अर्क टोचलेले उंदीर संसर्गाने मेले, कारण त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या होत्या. दुसऱ्या कोणी प्रयोग फसला म्हणून तो सोडून दिला असता. नोबल व त्यांचे सहकारी चार्ल्स बिअर यांनी मात्र विचार केला की, पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात त्या रोगावर हाच अर्क चालेल काय? १९५८ साली त्यांनी व्हिन्ब्लास्टीन जगापुढे ठेवले. त्याच झाडातून अमेरिकेत व्हिंक्रिस्टीन निघाले व १९६३ साली त्याला मान्यता मिळाली.

पेशी दुभंगते तेव्हा तिच्यात बारीक तंतू तयार होतात व आनुवंशिक द्रव्य दोन्हीकडे सारखे ओढून घेतात. हे औषध ते तंतू बनू देत नाही. पेशी मध्येच अडकते आणि अखेर आपण होऊन मरते. अशा मरणाला १९७२ साली शास्त्रज्ञांनी ‘अपॉप्टोसिस’ हे ग्रीक नाव दिले. झाडावरून पाने गळणे असा त्याचा अर्थ. निरोगी शरीरात रोज असंख्य पेशी अशाच गळतात. कर्करोगाची पेशी गळावयास तयार नसते. गव्हाच्या दाण्याविषयी प्रभू जे बोलला ते येथे आठवते, पण दृष्टान्त फार ताणू नये.

मग पानाचा रस का नको? एक ग्रॅम व्हिन्ब्लास्टीन काढावयास सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात. व्हिंक्रिस्टीनची मात्रा एका वेळी सहसा दोन मिलिग्रॅमच्या वर जात नाही, आणि तेच औषध शिरेऐवजी चुकून पाठीच्या कण्यात गेले तर प्राण घेते. वाटीभर रसात काय किती आहे हे कोण मोजणार? रोग हटविण्याइतके औषध त्यात नाही, आणि अपाय करावयास इतर विषे आहेत.

शिवाय या रोगाचे उपचार दोन-तीन वर्षे चालतात, कारण रक्त स्वच्छ दिसले तरी काही पेशी दडून असतात. १९५० च्या सुमारास अशी मुले जवळजवळ वाचतच नसत. आज समृद्ध देशांत पूर्ण उपचार घेणाऱ्या दहांपैकी सुमारे नऊ वाचतात. आमच्या मुलाला चार महिन्यांनी ताप आला, अंगावर निळे डाग उठले. रोग परतला होता, आणि परतलेला रोग अधिक अवघड असतो. डॉक्टर रागावले नाहीत. औषध का थांबविले, एवढेच त्यांनी विचारले. मुलाच्या वडिलांनी आमच्याकडे पाहिले.

आता दर गुरुवारी मंडळीतील कोणी ना कोणी त्याच्याबरोबर इस्पितळात जाते. बहुतेक वेळा ती पाने आणणारी भगिनीच जाते, दुपारचा डबा घेऊन. सुई पाहिली की तो डोळे मिटून, “आधी प्रार्थना करा,” म्हणतो. परिचारिकाही थांबते. ‘आमेन’ म्हणून झाले की तो हात पुढे करतो.