न दिसणारी वेदना

मला कळू लागल्यापासून अर्धशिशी ही माझ्या मातोश्रींच्या सोबतीस आहे. अर्धे डोके ठणकू लागले की उजेड सोसत नाही, आवाज सोसत नाही, अन्नाचा वास आला तरी मळमळते. आमचे घर पुजाऱ्याचे. म्हणजे घंटा, शंख, धूप यांचे. त्यात गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट. बऱ्हाणपुरात शांत खोली शोधून सापडावयाची नाही. सांगावयास लाज वाटते, परंतु पाहुणे यावयाचे असले की आईचे डोके दुखते, अशी बालपणी माझी समजूत होती.

जिला ना जखम ना ताप, अशा वेदनेवर विश्वास ठेवणे हे कर्तव्य की नुसते सौजन्य? मी त्यास कर्तव्य समजतो. वेदनेचा साक्षी भोगणारा एकटाच असतो. दुसरा साक्षीदार मागणे म्हणजे त्यास आधीच खोटे ठरविणे होय. शिवाय हा विकार काल-परवाचा नव्हे. सुश्रुतसंहितेत तो ‘अर्धावभेदक’ या नावाने वर्णिला आहे. बंगळूर शहर व भोवतालची खेडी येथील पाहणी 2014 साली प्रसिद्ध झाली. तीत प्रौढांपैकी सुमारे चौथा हिस्सा लोकांस वर्षभरात अर्धशिशी झाल्याचे आढळले, व त्यांत स्त्रिया अधिक. इतक्या सर्वांनी ढोंग करावे, हे संभवत नाही.

गतवर्षी डॉक्टरांच्या सल्ल्याने आईस व्यायामोपचार करणाऱ्या एका बाईंकडे नेले. तीन महिन्यांत घरकाम किती दिवस बुडाले, असे त्यांनी विचारले. आई म्हणाली, “एकही नाही.” ते खरेच होते; नैवेद्य कधी चुकला नाही. तेव्हा बाईंनी प्रश्न फिरविला : “काय काय सोडून दिलेत?” आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, कीर्तन सोडले, भावाकडे जाणे सोडले, तापीवर जाऊन सात वर्षे झाली. हे मला ठाऊक नव्हते. ज्या सहनशीलतेची आम्ही चारचौघांत वाखाणणी करीत होतो, तिच्याच आड आमचे अज्ञान सुखाने नांदत होते.

बाईंनी रोग समूळ जाईल असे वचन दिले नाही. मानेचे हलके व्यायाम, नियमित चालणे व वेळेवर झोप एवढेच सांगितले. औषध चालूच आहे. हा उपाय निराधार नव्हे. स्वीडनमध्ये 2011 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आठवड्यातून तीनदा 40 मिनिटांचा व्यायाम झटके कमी करण्यात एका प्रचलित औषधाच्या तोडीचा दिसला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने 2020 साली औषधास योगाची जोड दिल्याचा लाभ दाखविला.

राहिला उपवास. रिकाम्या पोटी झटका येतो, हे आईस माहीत होते; तरी एकादशी निरंकार. वास्तविक पाणी, फळ, दूध व औषध यांनी व्रत मोडत नाही, हे वडील इतरांस नित्य सांगत आले. घरात मात्र ते कोणी विचारले नव्हते! आता आई सकाळी दूध व केळे घेते.

माघात एका सायंकाळी ती माझ्याबरोबर राजघाटापर्यंत चालत आली. दुसऱ्या दिवशी डोके दुखलेच. मी मोठ्या घंटेचा लोलक फडक्याने गुंडाळून ठेवला. वडिलांनी तो पाहिला, व हातातील लहान घंटेवर आरती केली.