चोपदार येतो का?

नोकरीत समाधान कसे मिळवावे, हा प्रश्न हल्ली दिंडीत चालणारी तरुण मुलेही विचारू लागली आहेत. यावर आम्हा कीर्तनकारांचे उत्तर ठरलेले असते. अरणच्या सावतोबांनी मळ्यातच विठ्ठल पाहिला, तूही तुझ्या कचेरीत पाहा. उत्तर खोटे नाही. हातच्या कामाची गोडी नसेल तर कितीही पगार मिळाला तरी मन रितेच राहते. खोटे न बोलणे, मापात न मारणे, दुसऱ्याच्या घामावर आपले नाव न लावणे या गोष्टी कंपनीच्या भिंतीवरच्या पाटीवरून उचलता येत नाहीत. त्या घरूनच न्याव्या लागतात.

पण माउली, इथे एक भेद सांगायचा राहून जातो. सावतोबा आपल्या मळ्यात राबत होते. पाणी केव्हा द्यायचे, खुरपे केव्हा धरायचे, हे त्यांच्या हाती होते. चोखोबांचे तसे नव्हते. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर ते राबत असताना भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर तेही तिच्याखाली गेले. परंपरा ते साल १३३८ सांगते. पुढे नामदेवरायांनी अस्थी शोधल्या, त्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले, पंढरीत महाद्वारापाशी समाधी झाली. एवढे सांगितले की श्रोत्यांचे डोळे भरतात. ती भिंत कोणाच्या देखरेखीखाली होती, हे मात्र कोणी विचारीत नाही.

चोखोबांच्या नामात काय उणे होते? तरी भिंत पडलीच. म्हणून ज्याच्या हाताखाली माणसे राबतात, त्याने त्यांना सावतोबांचा दाखला देऊ नये. त्याने आधी भिंत पाहावी.

हैबतबाबांनी उभ्या केलेल्या माउलींच्या पालखी सोहळ्यात याची सोय आहे. मुक्कामी समाजआरतीला सगळ्या दिंड्या उभ्या राहतात. चोपदारांनी चोप उंचावला की टाळ एकदम थांबतात. एवढ्या समुदायात तशी शांतता मी दुसरीकडे अनुभवली नाही. पण ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल, तिचे टाळ वाजतच राहतात. कोणी त्यांना दटावीत नाही, की ‘नामात रमा, तक्रार विसरा’ असेही सांगत नाही. चोपदार तिकडे जातात, म्हणणे ऐकून घेतात, मग ते टाळ थांबतात. आरती त्यानंतर.

ही नोकरी धरावी की सोडावी, असे विचारणाऱ्याने पगाराबरोबर हेही पाहावे : आपल्या कचेरीत टाळ वाजत ठेवला, तर चोपदार येतो का? येत असेल तर चार पैसे कमी मिळाले तरी तिथे माणूस टिकतो. वाजवणाऱ्यालाच बाहेर काढीत असतील, तर दुसरी दिंडी शोधण्यात भक्तीला काही उणेपणा येत नाही. मात्र टाळ उगाच वाजवू नये. आधी आपल्या वाटचे काम चोख झाले आहे ना, ते बघावे, आणि मग खुशाल वाजवावा.