विमानतळाच्या पुढे

घरात वेगळ्या गरजा असलेलं मूल जन्मलं की थोड्याच दिवसांत आईच्या मोबाइलवर कविता यायला लागतात. कुणी मावशी पाठवते, कुणी शाळेतली मैत्रीण. बहुतेकींचा सूर एकच: देवानं पारखून तुझी निवड केली. कल्पना जुनी आहे. १९८० साली एर्मा बॉम्बेक या अमेरिकी स्तंभलेखिकेनं ‘मदर्स डे’च्या निमित्तानं असंच लिहिलं होतं, त्यात देव अशा मुलांसाठी एकेक आई निवडत बसलेला असतो. पाठवणाऱ्यांच्या मनात मायाच असते. पण निवडून आलेल्या बाईनं कंटाळायचं कधी? फिजिओथेरपीच्या बाकावर ताटकळताना तिला नुसती चीड आली, तर तिनं देवाचीही निराशा केली म्हणायची का?

त्यापेक्षा एमिली पर्ल किंग्जली मला जवळची वाटते. ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या कार्यक्रमाची ही लेखिका. १९७४ मध्ये तिचा मुलगा जेसन डाउन सिंड्रोम घेऊन जन्मला, तेव्हा त्याला संस्थेत ठेवून द्या आणि विसरा, असा वैद्यकीय सल्ला मिळाला होता. तिनं तो मानला नाही. १९८७ मध्ये तिनं लिहिलेलं ‘वेलकम टू हॉलंड’ खरं तर गद्य आहे, पण पालक ते कवितेसारखं वाचतात, एकमेकांच्या हाती देतात. बेत इटलीचा होता, विमान उतरलं हॉलंडला. आता हा देश नीट बघू या. इटली हुकल्याचं दुःख सरत नाही, हेही ती सांगून टाकते.

तरीही तिचा सगळा डोलारा प्रवाशाचा आहे. हॉलंडमध्ये जन्म काढायचा तर पवनचक्क्या बघून भागत नाही. घर शोधावं लागतं, कागदपत्रं करावी लागतात. एकूणच या प्रकारच्या कवितांमधलं मूल कायम तीन-चार वर्षांचं असतं, गळ्यात हात टाकणारं. त्याला मिसरूड फुटत नाही. मुलगी असेल तर तिची पाळी सुरू होत नाही, आणि दर महिन्याला तिला ते नव्यानं समजवावं लागत नाही. आपल्याकडे मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्यानं ते सज्ञान. मग स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाच्या आईबापांना १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, जिल्हाधिकारी प्रमुख असलेल्या समितीकडे स्वतःच्याच लेकराचं पालकत्व मागायला जावं लागतं. त्या अर्जावर कुणी कविता केलेली माझ्या वाचनात नाही. जयवंत दळवींनी ‘नातीगोती’त मोठा झालेला मुलगा रंगमंचावर आणला. ‘आमच्या मागे याचं कोण?’ हा घरोघरचा प्रश्न अशा ठिकाणी ऐकू येतो. मोबाइलवरच्या कवितांना तो सोसत नाही.

सोसला तो केन्झाबुरो ओए यांना. १९६३ मध्ये या जपानी लेखकाचा मुलगा हिकारी डोक्याच्या कवटीतल्या दोषासह जन्मला. पुढच्याच वर्षी आलेल्या त्यांच्या कादंबरीतला बाप अशा बाळाच्या मरणाची वाट पाहतो. इतकं उघडं त्यांनी लिहिलं, आणि तिथं थांबले नाहीत. मुलगा वाढत गेला तसं लेखनही त्याच्यामागे गेलं. हिकारी विशीला टेकला तेव्हा, १९८३ मध्ये, त्यांनी जे पुस्तक लिहिलं, ते मला या विषयावरचं सर्वांत काव्यमय पुस्तक वाटतं, आणि तेही गद्यच! त्यातला बाप इंग्रज कवी विल्यम ब्लेक वाचत असतो. पुस्तकाचं नावही ब्लेकच्या एका ओळीतून घेतलेलं. एका हातात ब्लेक, समोर धिप्पाड, कधी हिंसक होणारा, फिट येणारा मुलगा. मुलाला जगातल्या गोष्टींच्या व्याख्या लिहून द्यायच्या, असा बापाचा जुना संकल्प आहे. मृत्यूची व्याख्या करायला गेल्यावर तो अडखळतो, ते साहजिकच. पाय मात्र जमून जातो. कारण गाऊटनं बापाचा पाय सुजलेला असताना, एरवी बापाशी बोलणं न जमणारा हा मुलगा थेट त्या पायाचीच विचारपूस करायला लागतो. बापापेक्षा पाय त्याला सोपा वाटतो.

ब्लेकनं ओएंना सांत्वन दिलं नाही. कठीण कविता वाचायला जसा धीर लागतो, पुन्हा मागे जावं लागतं, अर्थ लागला म्हणता म्हणता निसटतो, तसंच ते मुलाला वाचत राहिले. नोबेल मिळालं १९९४ मध्ये. तोवर हिकारी संगीतकार झाला होता. पण या पुस्तकात अशी काही फलश्रुती नाही.

पुस्तकातल्या मुलाला घरात ईयोर म्हणतात, ‘विनी द पू’मधल्या गाढवाचं नाव. शेवटी तो शाळेच्या वसतिगृहातून घरी येतो. जेवायला हाक मारली तर येत नाही. बाप कासावीस, डोक्यात ब्लेक, नियती, काय काय. धाकट्या भावाच्या मात्र लगेच लक्षात येतं: याला आता लाडाचं नाव नको आहे, खऱ्या नावानं हाक मारा.