रोगाचे खोटे नाव

नवव्या आज्ञेत शेजाऱ्याविषयी खोटी साक्ष देण्यास मनाई आहे. शब्बाथ शाळेत ती शिकविताना आपण कोर्टकचेरीची उदाहरणे देतो. रोगाचे चुकीचे नाव हीदेखील खोटी साक्ष होते काय, हे कोणी विचारीत नाही.

विचारण्याचे कारण असे. सप्टेंबर 2025 मध्ये भोपाळच्या एम्स रुग्णालयाने मेलिऑयडोसिस हा रोग मध्य प्रदेशात मूळ धरून असल्याचे जाहीर केले. सहा वर्षांत 20 हून अधिक जिल्ह्यांत 130 हून अधिक रुग्ण सापडले. याचे जंतू माती-पाण्यात राहतात व जखमेतून शरीरात शिरतात. मधुमेही माणसास धोका विशेष. ताप, खोकला, वजन घटणे, सारे क्षयासारखे. म्हणून क्षयाच्या गोळ्या दिल्या जातात, आणि त्या या जंतूंवर चालत नाहीत. रोग मात्र नवा नव्हे. रंगूनमध्ये व्हिटमोर व कृष्णस्वामी यांनी 1912 सालीच त्याचे वर्णन केले होते.

आता आपल्या पांढुर्णा-सौंसर भागाकडे पाहा. कपाशीत, संत्र्याच्या बागेत पावसाळाभर अनवाणी पायांनी चिखल तुडवावा लागतो. अशा घरी कर्त्या माणसास क्षय आहे म्हटले की त्याचे ताट वेगळे होते, मुलीची सोयरीक अडते. (खऱ्या क्षयरोग्यासही असे वागवू नये, ही गोष्ट निराळी.) मेलिऑयडोसिस तर माणसापासून माणसास सहसा लागतच नाही!

ज्या डॉक्टरास हे नावच ठाऊक नव्हते, त्यास मी दोषी धरणार नाही. न कळणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. परंतु गुण येत नाही असे दिसत असता, “याने गोळ्या बुडविल्या असतील” म्हणून रोग्यावरच ठपका ठेवणे, हे काय आहे? आणि प्रार्थनासभेनंतर “दारू पीत असेल” असे कुजबुजणारे आपण? तेथे अज्ञानाची सबब चालत नाही. माहीत नसलेले आपण माहीत असल्यासारखे सांगतो. आज्ञा मोडते ती तेथे.

रक्ताचे किंवा पुवाचे कल्चर केल्यास हे जंतू सापडू शकतात. मग किमान 10 ते 14 दिवस शिरेतून औषध, व पुढे किमान 3 महिने गोळ्या. गोळ्या नेमाने घेऊनही ताप हटत नसेल, तर रोग्यासोबत नागपूरला जाणाऱ्याने जुने कागद न्यावेत, शेतकाम व मधुमेह आवर्जून सांगावा, आणि कल्चर झाले काय ते विचारावे.