खोगीर उतरल्यावर

बंगळूरच्या हिवाळ्याला हिवाळा म्हणावे की नाही, अशी शंका उत्तरेकडून आलेल्या माणसाला येते. पहाटे धुके पडते, रपेटीहून परतलेल्या घोड्यांच्या अंगातून वाफा निघतात. परंतु उन्हे वर आली की सारे निवळते. जमीन गोठत नाही, गवत बर्फाखाली जात नाही. युरोपातील थंड मुलखात मात्र हिवाळा हे स्वारीच्या घोड्याला कामातून मोकळे करण्याचे निमित्त ठरत आले आहे. नाल काढतात, चंदी हळूहळू कमी करतात, अंगावरची लव वाढू देतात आणि काही आठवडे त्याला कुरणात सोडून देतात. बंगळुरात याच्या उलट घडते. शर्यतींचा एक हंगाम येथे हिवाळ्यातच भरण्याची जुनी प्रथा आहे. म्हणजे इतरत्र ज्या ऋतूत घोडा सुटतो, त्याच ऋतूत येथे त्याला अधिक पळावे लागते.

हा विरोध केवळ हवामानाचा नव्हे. खुद्द इंग्लंडात कोल्ह्याच्या शिकारीचे घोडे हिवाळाभर दौडत आणि उन्हाळ्यात मोकळे होत. तेव्हा घोड्याची सुट्टी ऋतू ठरवीत नाही, घोडा तर नाहीच ठरवीत. ती ठरते मालकाच्या पंचांगाप्रमाणे. मालकाला ज्या दिवसांत घोड्याची गरज नसते, त्या दिवसांना तो घोड्याचा विसावा म्हणतो. अशा विसाव्याला दान म्हणावे काय, हा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही.

दख्खनेत ही सुट्टी पावसाळ्यात येत असे. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि मराठी घोडदळाची रीत या पठारालाही परिचित झाली. दसऱ्याला सीमोल्लंघन करावे, उन्हाळा सरेपर्यंत मुलूखगिरी करावी आणि पावसाच्या तोंडावर छावणीस परतावे, असा तो क्रम होता. चिखलात घोडा चालत नाही आणि भरल्या नद्या ओलांडता येत नाहीत, हे त्याचे उघड कारण. राज्याभिषेकाच्या आगेमागे शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ हलवर्ण येथील छावणीच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणा-वैरण मन मानेल तशी आताच उधळली, तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि मग शिपाई रयतेच्या घरात शिरून दाणे, गवत, भाजी ओरबाडू लागतील, असा इशारा त्यात आहे. उंदराने दिव्याची पेटती वात ओढून नेली तर गंजीला आग लागेल, इतक्या बारकाव्यापर्यंत ते पत्र उतरते.

या पत्राकडे राजनीतीचा नमुना म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. घोडा उभा राहिला तरी त्याचे पोट उभे राहत नाही. त्याचा विसावा कोणाच्या तरी श्रमावर चालतो. गवत कोणीतरी कापलेले असते. सुट्टीवरच्या घोड्याची लीद काढणे, खरारा करणे, पाणी दाखवणे हे मोतद्दाराला चुकत नाही. घोड्याच्या विश्रांतीविषयी हळवेपणाने बोलणारे लोक मोतद्दाराच्या रजेविषयी सहसा बोलत नाहीत, हे जाता जाता नोंदवले पाहिजे.

शिवाय काम थांबले म्हणजे विसावा मिळाला, असेही नाही. गाड्यांना घोडे जुंपले जात त्या काळात पाश्चात्त्य देशांत ‘सोमवार सकाळचा आजार’ सर्वांना ठाऊक होता. रविवारी घोडा ठाणावर बांधलेला असे आणि चंदी मात्र नेहमीइतकी चारली जाई. सोमवारी जुंपताच त्याचे स्नायू लाकडासारखे ताठत, लघवी काळसर होई, कधी तो मरतही असे. सतत दौडण्याने हाडांत सूक्ष्म तडे पडतात आणि ते भरून येण्यास अवकाश लागतो. पण फार काळ उभ्या राहिलेल्या घोड्याचे हाड हलकेही होते, आणि त्याला एकदम पूर्वीच्या वेगाने पळवले तर ते मोडते. म्हणून जाणकार सुट्टीत जाताना जितके सावकाश जातात, त्याहून सावकाश सुट्टीतून परततात.

घोडा हा कळपात राहणारा आणि चरणारा प्राणी. मोकळा सोडला तर दिवसाचा बहुतेक वेळ तो मान खाली घालून पावला-पावलाने चरत राहतो. अशा प्राण्याला चार भिंतींत बांधून ठेवणे ही सुट्टी नव्हे, कोंडी होय. ठाणावर दिवसेंदिवस उभे असलेले घोडे लाकूड चावू लागतात किंवा एकाच जागी डोलत राहतात. हेतू मालकाच्या लाभाचा होता की करुणेचा, याने घोड्याला काही फरक पडत नाही. त्याला फरक पडतो तो पायांखाली माती आणि शेजारी दुसरा घोडा असण्याने. जमीन चौरस फुटांनी विकली जाते त्या आजच्या बंगळुरात ही माती चंदीपेक्षा महाग आहे.

कायद्याने या प्रश्नाला थोडासा स्पर्श केला आहे. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ मध्ये केलेल्या नियमांत दिवसाला नऊ तासांहून अधिक आणि विसाव्याशिवाय सलग पाच तासांहून अधिक काम घेण्यास मनाई आहे. म्हणजे कायदा तास मोजतो. ऋतू तो मोजत नाही, आयुष्य तर नाहीच.

आणि खरा पेच आयुष्यापाशीच उभा राहतो. सुट्टीनंतर हंगाम आहे तोवर मालकाचा हिशेब आणि घोड्याचे हित एका वाटेने चालतात. त्यांतील कोणते पुढे आणि कोणते मागे, हे ओळखण्याचे कारण पडत नाही. पण शर्यतीचा घोडा बहुधा कोवळ्या वयातच निरुपयोगी ठरतो आणि त्यानंतर वीस-वीस वर्षे जगू शकतो. काही जण स्वारी शिकवणाऱ्या पागांत जातात. सर्वांना तेही नशीब लाभत नाही. कौटिल्यासारख्या रोकड्या हिशेबाच्या माणसाने युद्ध, व्याधी, वार्धक्य किंवा श्रम यांनी खंगलेल्या घोड्यांना पोटापुरते अन्न मिळत राहावे, अशी तरतूद ‘अर्थशास्त्रा’त केली आहे. म्हाताऱ्या घोड्याच्या दीर्घ सेवेविषयीची कृतज्ञता कांटने कर्तव्यात गणली, पण ते कर्तव्य घोड्याप्रती नव्हे, तर मनुष्याचे स्वतःप्रती, अशी पुस्ती जोडली. कौटिल्याचे वाक्य कोरडे आहे खरे. परंतु त्यात घोड्याला जेवायला मिळते.

प्लूटार्कने थोरल्या केटोचे चरित्र लिहिताना याच जागी लेखणी थांबवली आहे. स्पेनच्या मोहिमेत ज्या घोड्यावर केटो बसला, तो घोडा जहाजाचे भाडे वाचवण्यासाठी त्याने तिथेच सोडला आणि त्या काटकसरीचा अभिमानही मिरवला. प्लूटार्कला ते रुचले नाही. त्याने अथेन्सच्या खेचरांची हकीकत दिली आहे. अक्रोपोलिसवरील मंदिराच्या बांधकामात सर्वाधिक राबलेली खेचरे मोकळी सोडून देण्यात आली होती. त्यांतील एक आपण होऊन कामावर परत येई आणि ओझी वाहणाऱ्या जनावरांच्या पुढे पुढे चढण चढू लागे. अथेन्सच्या लोकांनी ठराव केला आणि ते खेचर जगेल तोवर त्याचा चारा नगरीच्या खर्चाने देऊ केला.