फसलेल्याची परतवाट

शिकलेली माणसेही बाबा-आमिलांच्या नादी कशी लागतात, असे आपण नेहमी विचारतो. विचारताना आपण शहाणे असल्याचे समाधानही मनात असते. पण माणूस बहुधा बुद्धी कमी म्हणून फसत नाही. दुःखात एकटा पडला म्हणून फसतो.

महाड-पोलादपूरने दुःख थोडे पाहिलेले नाही. २ ऑगस्ट २०१६ रोजी सावित्रीवरचा पूल वाहून गेला. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये तारिक गार्डन इमारत कोसळली. जुलै २०२१ मध्ये तळियेत आणि पोलादपूरच्या वाड्यांवर दरडी आल्या. 'माझ्याच घरावर का?' या प्रश्नाला प्रामाणिक माणसाकडे उत्तर नसते. भोंदूकडे मात्र ते तयार असते.

त्याची रीत ठरलेली. आधी तो मायेने ऐकून घेतो. मग घरातली गुपिते काढून घेतो, करणीची भीती घालतो, भाऊ आणि डॉक्टर यांच्यापासून तोडतो. गुण आला नाही तर म्हणतो, 'तुझा यकीन कमी पडला.' दोष प्रत्येक वेळी आपलाच ठरला की माणूस बाहेर पडणार कसा? गयानातील जोन्सटाउनमध्ये १८ नोव्हेंबर १९७८ रोजी नऊशेहून अधिक माणसे मेली. त्यांतील अनेकजण काळ्या-गोऱ्यांच्या समतेचे स्वप्न घेऊन तिथे गेले होते.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो सर्व धर्मांच्या भोंदूंना लागू आहे. पण तक्रार करायची तर 'मी फसलो' हे चारचौघांत सांगावे लागते. तिथेच पाय अडतो. 'आम्ही तर आधीच सांगत होतो,' असे म्हणून हसणारा मोहल्ला नकळत भोंदूचेच काम करतो. ज्याला घरी लाज वाटते, तो पुन्हा त्याच दारात जातो.

सुटकाही एका दिवसात होत नाही. खोटेपणा कळला तरी भीती मनातून लवकर जात नाही. साधा निर्णय घेतानाही हात कापतो. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञ हवा, हाताला काम हवे आणि किती पैसे गेले हे न विचारता ऐकणारा कुणीतरी हवा. तौबेचे दार उघडे आहे, असे आपण सांगतो. आपल्या जमातीचे दार तितके उघडे आहे का?

२५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले, ते याच महाडात. परिषदेला कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने ती दिली. मनाची बेडी ज्याची त्यालाच तोडावी लागते. त्यासाठी उभे राहायला जागा देणे मात्र शेजाऱ्याच्या हातात असते.